लिमिट वाढवायचं, पण लग्नानंतर

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. वय ३३, हातात पगार ४६ हजार. बायको घरी शिकवण्या घेते, तिचे सात-आठ हजार येतात. पाच वर्षांपासून एकच क्रेडिट कार्ड वापरतो, लिमिट ७५ हजार. किराणा, पेट्रोल, मुलीची फी, लाइट बिल सगळं त्यावरच. कंपनीच्या कामाला चाकण, वाळूजला जावं लागतं, तो लॉजचा आणि गाडीचा खर्चही मीच कार्डावर करतो, नंतर टीए (प्रवासखर्चाचं) बिल टाकतो. असं मिळून महिन्याला ५२ हजारांच्या आसपास बिल येतं. गेल्या वर्षात दोनदा फक्त मिनिमम (किमान रक्कम) भरलं, एकदा दिवाळीत आणि एकदा टीए बिल अडकलं तेव्हा. बाकी वेळेवर पूर्ण भरतो.
आता बँकेचा मेसेज आलाय की लिमिट २ लाख ४० हजार करून मिळेल, कागदपत्रं नकोत, महिनाअखेरपर्यंत होकार द्या. मित्र म्हणतो, डोळे झाकून घे, सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) सुधारेल. माझा स्कोअर ७४१ आहे आणि पुढच्या वर्षी पाथर्डी फाट्याला फ्लॅट घ्यायचा विचार आहे, होम लोन लागेलच. वडील म्हणतात, अंथरूण पाहून पाय पसरावेत. मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न आहे, त्या वेळी हाताशी थोडं असलेलं बरं असंही वाटतं. काय करू? सोबत मागच्या महिन्याचं बिल जोडलंय.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नमस्कार. कार्डाचे आकडे खोडून बिल पाठवलंत ते बरं केलंत, अनेकजण तसंच पाठवून देतात.

तुमच्या पत्रात दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक सिबिलचा, दुसरा लग्नाचा. सिबिलसाठी लिमिट वाढवणं तुमच्या बाबतीत योग्य आहे, मित्राचं तेवढं खरं. लग्नासाठी वाढवणं अजिबात योग्य नाही. आणि पत्रात लग्न शेवटून तिसऱ्या वाक्यात आलं असलं, तरी या होकाराची घाई तिथूनच सुटलीय असं मला वाटतं. सिबिलला घाई नाही, लोन पुढच्या वर्षी आहे. घाई मे महिन्याला आहे. म्हणून माझं उत्तर : आत्ता नाही. ऑगस्टमध्ये स्वतःहून मागा, आणि २ लाख ४० हजार नाही, दीड लाख मागा.

आता हे कसं ते बघू.

मित्राचा हिशोब असा आहे. ७५ हजारांच्या लिमिटवर ५२ हजारांचं बिल म्हणजे जवळजवळ ७० टक्के वापर. कर्ज देणारे असं समजतात की जो माणूस दर महिन्याला मर्यादेच्या काठावर असतो, त्याची ओढाताण होतेय. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवा असं सगळेच सांगतात. हा काही कायदा नाही, ठोकताळा आहे, पण चांगला ठोकताळा आहे. लिमिट २ लाख ४० हजार झालं आणि खर्च तेवढाच राहिला, तर वापर २२ टक्क्यांच्या खाली येतो. स्कोअरला ते मानवतं. फक्त ‘खर्च तेवढाच राहिला’ या शब्दांवर सगळा डोलारा उभा आहे, आणि मे महिन्यात घरात लग्न आहे.

पण वापराची टक्केवारी खाली आणायला लिमिटच वाढवावं लागतं असं नाही. बिल तयार व्हायच्या आधी पैसे भरले तरी चालतं. आपल्याकडे बहुतेकांची समजूत अशी की आधी बिल यायचं, मग भरायचं. बँक मात्र सिबिलकडे, म्हणजे हा स्कोअर काढणाऱ्या कंपनीकडे, त्या-त्या तारखेला कार्डावर जेवढी रक्कम उभी असेल तेवढी कळवते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०२५च्या जानेवारीपासून ही माहिती किमान पंधरवड्याला पाठवणं बंधनकारक झालं, त्यापूर्वी महिन्याला जायची. तुमचं बिल २० तारखेला तयार होतं आणि पगार १ तारखेला होतो. मग १ तारखेलाच मागचं बिल पूर्ण भरून टाका, ८ तारखेची ड्यू डेट कशाला पाहायची? आणि नवीन महिन्याचा जो किराणा-पेट्रोलचा खर्च झाला असेल, त्यातलेही काही १२-१५ तारखेला, शिकवणीच्या फिया जमा झाल्या की, भरून टाका. व्याजाच्या दृष्टीने याने काही फरक पडत नाही, पण अहवालात ५२ हजारांच्या जागी ३०-३५ हजार दिसू लागतील.

यापेक्षा मोठी गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहून गेलात. बिलाची मी बेरीज केली. लॉज, टोल, चाकणच्या वाटेवरचं डिझेल, वाळूजचं जेवण मिळून १७ हजारांवर जातं. म्हणजे तुमच्या ५२ हजारांतला एक तृतीयांश खर्च तुमचा नाहीच, कंपनीचा आहे. कंपनी तुमचं लिमिट फुकटात वापरतेय, आणि टीए बिल अडकलं की व्याज तुम्ही भरताय. गेल्या वर्षी एकदा मिनिमम भरायची वेळ आली ती यामुळेच. लिमिट वाढवलं तर ही सोय आणखी सुखाची होईल, कंपनीच्या दृष्टीने. त्याआधी एचआरला किंवा अकाउंट्सला लेखी विचारा : दौऱ्याआधी अॅडव्हान्स मिळेल का, किंवा कंपनीचं कार्ड मिळेल का. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत अॅडव्हान्सची पद्धत काही नवी नाही. तो १७ हजारांचा भाग बाजूला झाला तर तुमचं घरचं बिल ३५ हजारांवर येतं. त्यातले थोडे आधी भरले की ७५ हजारांच्या लिमिटवरही वापर ३० टक्क्यांच्या आसपास येतो. लिमिट न वाढवता.

आता मिनिमम ड्यू. इथे जरा थांबू, कारण ‘बाकी वेळेवर भरतो’ असं तुम्ही लिहिलंत त्यावरून वाटतं की ते दोन महिने तुम्हाला फारसे टोचलेले नाहीत. मिनिमम भरलं की लेट फी लागत नाही, अहवालात उशीर दिसत नाही, बँकेचा फोन येत नाही. सगळं शांत असतं. म्हणून ते महाग पडलेलं कळतही नाही.

तुमच्या बिलाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत व्याजदर छापलाय : महिन्याला ३.७५ टक्के. वर्षाला ४५. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. समजा १ जूनला ३० हजारांचा फ्रिज घेतला, २० जूनला बिल आलं, ८ जुलैला तुम्ही पाच टक्के, म्हणजे १,५०० रुपये मिनिमम भरलेत. २० जुलैच्या बिलात काय होईल? उरलेल्या २८,५०० रुपयांवर व्याज लागेल, आणि ते ड्यू डेटपासून नाही, फ्रिज घेतला त्या १ जूनपासून. ४९ दिवसांचे झाले १,७२० च्या आसपास, वर जीएसटी ३१०. दोन हजारांवर गेलं. दीड हजार भरले आणि दोन हजार चढले. दीड महिन्यात देणं ३० हजारांहून जास्त झालं. शिवाय मागची बाकी असेपर्यंत बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणजे जुलैत घेतलेल्या दुधा-भाजीवरही घेतल्या दिवसापासून व्याज. मागच्या दिवाळीनंतरची तुमची दोन बिलं काढून ‘फायनान्स चार्जेस’ ही ओळ बघा. बायकोलाही दाखवा.

आणि या व्याजाला कोणी आवर घालील या भरवशावर राहू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला.

बँकेने तुम्हालाच का निवडलं, हाही विचार करा. जो दर महिन्याला पूर्ण बिल भरतो त्याच्याकडून बँकेला व्याजाचा एक रुपया मिळत नाही, दुकानदाराकडून येणाऱ्या कमिशनमधला वाटा तेवढा मिळतो. जो बुडवतो तो तर नकोच असतो. तुमच्यासारखा नोकरदार, लिमिटच्या जवळ जाणारा, अधूनमधून मिनिमम भरणारा पण कधी न बुडवणारा, हा बँकेच्या दृष्टीने फार चांगला ग्राहक. त्यात बँकेचं काही चुकतंय असं नाही, तो तिचा धंदा आहे. पण मेसेजमधल्या ‘खास तुमच्यासाठी’ला भुलू नका.

‘घेऊन ठेवतो, वापरत नाही’ असं तुम्ही म्हणाल. हे म्हणणं सगळ्यांच्याच बाबतीत खोटं नसतं. वर्षभर ज्याने एकदाही बाकी ठेवली नाही, त्याला मी खुशाल घे म्हणते. अॅपमध्ये हल्ली स्वतःच मर्यादा घालून ठेवता येते, ऑनलाइनला इतकी, दुकानात इतकी, परदेशी व्यवहार बंद; रिझर्व्ह बँकेने २०२० मध्येच बँकांना ही सोय द्यायला लावली आहे. पण जी मर्यादा आपणच घातली ती आपणच दोन मिनिटांत उठवू शकतो, तेही केटरर समोर उभा असताना.

म्हणून लग्नाकडे येऊ. हॉल, केटरर, मांडव, फोटो, दागिन्यांची मजुरी, पाहुण्यांचा आहेर. यातले निम्मे लोक कार्ड घेतच नाहीत. जे घेतात ते बऱ्याचदा वर दोन टक्के मागतात. मग आचाऱ्याला आणि बँडवाल्याला रोख द्यायला एटीएममध्ये कार्ड घातलं जातं, आणि तिथे तर बिनव्याजी दिवस मुळीच नाहीत. काढल्या क्षणापासून व्याज आणि वर काढण्याची फी. समजा सगळं मिळून दीड लाख कार्डावर गेले. महिन्याचं नुसतं व्याज ५,६२५, जीएसटी धरून साडेसहा हजारांवर. तुमच्या घरात महिन्याकाठी शिल्लक किती राहते ते तुम्ही लिहिलं नाही, पण दोघांची मिळकत आणि बिल पाहता ती दहा हजारांहून जास्त नसावी. मग मुद्दलाला हात कधी लागणार? हप्त्यांवर टाकलं तर दर कमी पडतो, पण तेही शेवटी कर्जच, आणि पुढच्या वर्षी होम लोनवाला अधिकारी तो हप्ता तुमच्या पगारातून वजा करूनच बघणार. ज्या फ्लॅटसाठी सिबिल सुधारायला निघालात, त्याचंच कर्ज लग्नाच्या हप्त्यांमुळे कमी मंजूर होईल.

तुमच्या कंपनीत पगारदारांची पतसंस्था आहे का? सातपूरला बऱ्याच जुन्या कंपन्यांत आहेत. सभासद असाल तर तिथलं कर्ज घ्या. दर १२ टक्के धरला तरी दीड लाखाचं महिन्याचं व्याज दीड हजार होतं, हप्ता पगारातून कापला जातो, आणि दोन जामीनदार मागतात म्हणून माणूस हात आखडता घेतो, जे लग्नात चांगलंच. नाहीतर घरातलं थोडं सोनं बँकेत तारण ठेवून कर्ज. पीएफमधून भावंडाच्या लग्नासाठी पैसे काढता येतात, तरतूद आहे, पण ३३व्या वर्षी मी तिथे शेवटीच जाईन. आणि या सगळ्याच्याही आधी वडील, बहीण आणि होणारे जावई यांच्यासमोर आकडा मांडा. एकूण किती, तुमच्या वाट्याला किती, आणि त्यातले हातात किती. ऋण काढून सण करायचाच असेल तर निदान किती ऋण ते मांडव पडायच्या आधी कागदावर असू द्या. बहिणीला विचारल्याशिवाय ती हजार पानांचं जेवण मागतेय असं गृहीत धरू नका. मला येणाऱ्या पत्रांत बहुतेक वेळा ती मागणी मुलीची नसते, मामांची असते.

मेसेजला काय उत्तर द्यायचं? काहीच नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कार्डधारकाच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला लिमिट वाढवता येत नाही, तुमचं गप्प बसणं म्हणजे होकार धरता येत नाही. महिनाअखेरची मुदत तर मुळीच मनावर घेऊ नका. पगार चालू असेल आणि बिलं भरली जात असतील तर अशा ऑफर पुन्हा येतात.

एक सावधगिरी मात्र आजपासून. लिमिट वाढवून देतो म्हणून फोन करणं हा भामट्यांचा आवडता धंदा झालाय. मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका, कोणी अॅपची फाइल पाठवली तर उतरवून घेऊ नका, ओटीपी सांगू नका. ऑफर खरी असेल तर बँकेच्या तुमच्या नेहमीच्या अॅपमध्ये दिसतेच. ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्या माथी येतं, आणि तेव्हा लिमिट ७५ हजार होतं की २ लाख ४० हजार यानं फार फरक पडतो. तसं काही झालंच तर आधी बँकेला कळवून कार्ड बंद करा आणि लगेच १९३० ला फोन करा.

तोवर एक काम फुकटात होण्यासारखं आहे. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. नुसता स्कोअरचा आकडा नाही, अहवाल काढा. त्यात तुमच्या कार्डाचं लिमिट बरोबर लिहिलंय का, कधीकाळी हप्त्याने घेतलेल्या मोबाइलचं कर्ज फेडल्यावरही चालू दाखवतंय का, हे तपासा. चूक असेल तर त्यांच्या संकेतस्थळावरच तक्रार नोंदवा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. ७४१ काही वाईट नाही. ३०० ते ९०० च्या पट्टीवर तुम्ही बऱ्यापैकी वर आहात, आणि असली एखादी जुनी नोंद निघाली तर लिमिटला हात न लावताही वर जाल.

ऑगस्टचं म्हणते ते एवढ्यासाठी की तोपर्यंत फेब्रुवारी ते जुलै अशी सहा बिलं झालेली असतील. सहाही पूर्ण भरलेली असली, त्यात मे आणि जूनचीही, तर तुमच्या हाताला वळण आहे असं मी मानेन. मग अॅपमधून स्वतः अर्ज करा. त्या वेळी पगाराच्या स्लिपा किंवा फॉर्म १६ मागतील, कदाचित तुमचा अहवालही तपासतील आणि त्यामुळे स्कोअर चार-दोन गुणांनी हलेल. होम लोनच्या अर्जाला वेळ असल्याने तो भरून निघतो. ३५ हजारांच्या बिलाला दीड लाख पुष्कळ झाले, वापर २३ टक्के. एकदा ते झालं की होम लोन हातात पडेपर्यंत नवीन कार्ड, नवीन हप्ता, कुणाला जामीन राहणं, काही नाही. आणि एखादं बिल मधे राहिलंच, तर अर्ज तिथून पुढे सहा महिन्यांनी. तेवढ्यासाठी फ्लॅट अडत नाही.

कंपनीला अॅडव्हान्सचं पत्र मात्र याच आठवड्यात द्या. मार्च लागला की अकाउंट्सवाले कुणाला भेटत नाहीत.